श्रेय नको, दोषही नको

वयाच्या ६९ व्या वर्षी मला प्रथमच कोणी तरी विचारले, 'आपल्याला कोण व्हायचे आहे?' विचारणारा कोणी माणूस नव्हता, संगणकाचा पडदा होता, हे खरे. पण प्रश्न अगदी गंभीरपणे विचारलेला होता आणि उत्तरासाठी १६ पेशांची यादी समोर मांडून ठेवलेली होती. योद्धा, पुरोहित, जादूगार, चोर, संन्यासी... मी चष्मा पुसला आणि यादी पुन्हा वरपासून वाचली. माझ्या पिढीतल्या माणसाला हा प्रश्न असा सरळ कोणी विचारीत नसे. लहानपणी वडीलधाऱ्यांनी विचारला असेल, पण तो कौतुकापुरता. उत्तर त्यांचे त्यांनी आधीच ठरविलेले असे. मॅट्रिकला जेवढे गुण पडले तेवढ्यांत कॉमर्सला जागा मिळाली म्हणून कॉमर्स केले. एका कचेरीची जाहिरात आली म्हणून अर्ज केला. त्याच कचेरीत ३४ वर्षे काढली आणि एके दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. या साऱ्या प्रवासात 'कोण व्हायचे आहे' हा प्रश्न कोणत्या स्टेशनावर उतरून गेला ते मला कळलेच नाही.

हा सारा उद्योग माझ्या भाच्याचा. थोरल्या बहिणीचा हा मुलगा गेली २५ वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. दर आठवड्याला आमचे फोनवर बोलणे होते, पण दोन माणसांत अंतर वाढले की बोलणे हवेवर येते. तिकडे बर्फ पडला का, इकडे पाऊस झाला का, गुडघा कसा आहे. एकदा तोच म्हणाला, "मामा, आपण बोलण्यापेक्षा काही तरी करू या का मिळून? मी विद्यार्थी असताना एक खेळ खेळत होतो. तो अजून चालू आहे. तुम्हीही या." मी म्हटले, "अरे, माझे वय काय, खेळतो काय!" तो म्हणाला, "मामा, तिथे सगळे आता माझ्या वयाचे झालेत. तुम्ही फार म्हातारे दिसणार नाही."

म्हणून आमची भेट ठरली ती तिकडच्या शनिवारी रात्री नऊला, म्हणजे इकडच्या रविवारी सकाळी साडेसहाला. सौभाग्यवतींनी पहिल्याच रविवारी चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता निकाल देऊन टाकला. "लोक या वयात काकड आरतीला जातात," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे राक्षस मारायला बसतात."

खेळाचे नाव एव्हरक्वेस्ट. तो १९९९ च्या मार्चमध्ये सुरू झाला. एके काळी पैसे भरून तो खेळणाऱ्यांची संख्या चार लाखांवर गेली होती. हा पत्त्यांसारखा किंवा बुद्धिबळासारखा, डाव संपला की आवरून ठेवावयाचा खेळ नव्हे. ते एक कल्पित जग आहे. त्यात शहरे आहेत, अरण्ये आहेत, समुद्र आहेत. आणि आपण झोपलेले असतानाही ते चालूच असते. वाटेत जो दुसरा प्रवासी भेटतो तो जगाच्या पाठीवर कोठे तरी खुर्चीत बसलेला एक खराखुरा माणूस असतो. या प्रकाराची वंशावळ जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. मंडळींनी टेबलाभोवती बसावे, प्रत्येकाने एक सोंग घ्यावे आणि कागद, पेन्सिल व फासे एवढ्या सामग्रीवर साहस करावे, अशी ती कल्पना. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघा विद्यार्थ्यांनी अनेक जणांना एकाच वेळी वावरता येईल असे एक जग संगणकावर नुसत्या शब्दांनी रचले. त्या दोन ओढ्यांचे पाणी पुढे एकत्र आले आणि त्याची ही नदी झाली.

तर, त्या १६ पेशांत एक 'बार्ड' होता. बार्ड म्हणजे आपल्याकडचा भाट म्हणा, शाहीर म्हणा. भाच्याने मला योद्धा होण्याचा सल्ला दिला होता. "सोपे असते, मामा. पुढे उभे राहायचे आणि मार खायचा." पण मी बार्ड निवडला. त्याने कारण विचारले तेव्हा मी एक लहानसे व्याख्यानच दिले. म्हटले, शाहिराचे स्थान मोठे आहे. वेल्समध्ये मध्ययुगात राजाच्या घरचे २४ अधिकारी कायद्याने सांगितलेले होते आणि त्यांत राजाच्या पथकाचा बार्ड हा एक होता. पथकाने लूट आणली की त्यातले एक जनावर त्याच्या वाट्याला येई. म्हणजे तलवार न चालविणाऱ्यालाही लढाईत वाटा आहे हे त्या लोकांनी लेखी मान्य केले होते! आपल्याकडे अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला नसता तर तो प्रसंग आपल्याला आज इतका डोळ्यांपुढे दिसता का? भाच्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बरे, बार्ड तर बार्ड. पण मामा, तो सगळ्यांत अवघड आहे बरे का!"

ते खरे होते. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये बार्ड प्रथम १९७६ साली आला, आणि १९७८ च्या त्यांच्या नियमपुस्तकात तर त्याला मोठी गमतीदार अट होती. बार्ड होऊ इच्छिणाऱ्याने आधी योद्धा व्हावे, मग चोर व्हावे, आणि मग पुरोहितांच्या एका पंथाची दीक्षा घेऊन शाहिरीला लागावे. मला ही अट वाचून हसू आले, पण नंतर वाटले की, हिच्यात शहाणपण आहे. ज्याने मार खाल्ला नाही आणि ज्याने चोरी केली नाही त्याने दुसऱ्याचे गाणे गावे तरी कोणत्या अधिकाराने? या दुसऱ्या पात्रतेकडे मला पुढे परत यावयाचे आहे.

एव्हरक्वेस्टमधील बार्डाचे काम असे. सहा जणांचा एक जथा असतो. योद्धा पुढे उभा राहून शत्रूचे लक्ष स्वतःकडे ओढून धरतो. पुरोहित जखमा भरून काढतो. जादूगार आग ओकतो. आणि बार्ड गातो. त्याच्या एका गाण्याने सगळ्यांची पावले झपाझप पडू लागतात, दुसऱ्याने हातांना चपळाई येते, तिसऱ्याने पुरोहिताची खर्च झालेली शक्ती हळूहळू परत भरते. एक गाणे म्हणावयाला सुमारे तीन सेकंद लागतात आणि त्याचा परिणाम पुढे थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात दुसरे म्हणावयाचे, मग तिसरे, मग चौथे, आणि पहिल्याचा परिणाम विरावयाच्या आत पुन्हा पहिल्यावर यावयाचे. चार चुलींवर चार भांडी ठेवून एकही करपू न देणाऱ्या गृहिणीचे जे कसब, तेच हे. आता काही गाणी ओळीने आपोआप म्हणविण्याची सोय तेथे झाली आहे. पण बार्डाजवळ एक अंगाईगीतही असते. शत्रू दोन-तीन एकदम आले तर एकाशी लढता लढता उरलेल्यांना त्या गीताने निजवून ठेवावयाचे. ते मात्र कोणाला निजवायचे हे पाहून, वेळ साधून, जातीने म्हणावे लागते. गीत थांबले की निजलेला जागा होतो.

आणि या सगळ्याची गंमत अशी की, बार्डाचे काम कोणाला दिसत नाही. योद्ध्याने घाव घातला तर आकडा दिसतो. जादूगाराने आग ओकली तर आकडा दिसतो. माझ्या गाण्याने योद्ध्याचे दोन घाव अधिक पडले तर ते दोन्ही घाव योद्ध्याच्या खात्यावर जमा होतात. तानपुऱ्याची साथ करणाऱ्याचे असेच असते. मैफल रंगली की वाहवा गवयाला मिळते, तबलजीला मिळते. मागे बसलेल्या तानपुरेवाल्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण त्याच्या तारा किंचित उतरल्या तर गवयाचा सूर कोठे टेकावा? मी स्वतःशी म्हटले, आपण कसे विनयशील आहोत पाहा. १६ पेशांतून आपण तो निवडला ज्यात नाव मिळत नाही!

पेशा ठरला, मग श्रेणीचा प्रश्न आला. तेथे त्याला 'गिल्ड' म्हणतात. एकटादुकटा मनुष्य त्या जगात फार काही करू शकत नाही, म्हणून माणसे संघ करतात. मला दोन पर्याय होते. एक मोठी, नावाजलेली श्रेणी. तिच्यात शिरावयाला अर्ज करावा लागे, आठवड्याच्या तीन ठरलेल्या रात्री हजर राहावे लागे, आणि तेथे जमाखर्च चोख होता. हजेरीला गुण, मोठा राक्षस मारला की गुण, आणि लुटीतले काही हवे असेल तर ते गुण खर्चून घ्यावयाचे. ही पद्धत याच खेळातल्या श्रेणींनी पहिल्या वर्षात काढली आणि मग ती इतर खेळांत पसरली. दुसरी होती माझ्या भाच्याची: दहा-बारा मंडळी, नियम एकही नाही, आणि हिशेब असा की, ज्याला उपयोगी पडेल त्याने घ्यावे.

माझा जन्म जमाखर्चात गेलेला. म्हणून मोठ्या श्रेणीचे मला आकर्षण वाटले हे कबूल करतो. आपल्याकडेही श्रेणी होत्याच. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत ३००० कार्षापणे ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. मुद्दल परत द्यावयाचे नाही; व्याजातून लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंचा खर्च चालवावयाचा. २००० चे वर्षाचे व्याज २४० होते आणि त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ मिळावयाचे. हिशेब बिनचूक जुळतो! राजाच्या जावयाने आपले दान कायमचे टिकावे म्हणून कोणावर भिस्त टाकली, तर विणकरांच्या संघावर. माणूस मरतो, संघ उरतो, आणि संघाजवळ वही असते.

पण दुसराही एक शिलालेख आहे, मंदसोरचा. लाट देशातून रेशमी वस्त्रे विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुराला येऊन राहिली. तेथे गेल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांनी विणकाम सोडून दिले. कोणी धनुर्विद्या शिकला, कोणी ज्योतिषी झाला, कोणी कथा सांगू लागला. म्हणजे पेसा बदलला, गाव बदलले. तरी त्या श्रेणीने इसवी सन ४३६ मध्ये सूर्याचे मंदिर बांधले, आणि पुढे त्याची पडझड झाली तेव्हा ४७३ मध्ये त्याच श्रेणीने त्याचा जीर्णोद्धार केला. हे वाचताना मला वाटले की, श्रेणी ही जन्माने होत नाही आणि केवळ धंद्यानेही होत नाही. मिळून जे बांधले ते मोडल्यावर दुरुस्त करावयाला जे थांबतात त्यांची श्रेणी. ज्या संघातून एका कळीसरशी बाहेर पडता येते त्यात थांबण्याला तर याहून दुसरा अर्थच उरत नाही. मी भाच्याच्या लहान श्रेणीत गेलो. त्या वेळी मला वाटले की, आपण हा निर्णयही विनयाने घेतला.

आता घडले ते सांगतो. अनरेस्ट नावाचा एक झपाटलेला वाडा त्या जगात आहे. आम्ही सहा जण एका रविवारी तेथे गेलो होतो. पुरोहित माझा भाचा. योद्धा एक नवीनच आलेला गडी होता. तो कोण, कोठला, तरुण की म्हातारा, हे मला आजही माहीत नाही. फार कमी बोलत असे, आणि काही चुकले की सगळ्यांच्या आधी 'माफ करा' म्हणत असे. एका खोलीत तीन भुते एकदम अंगावर आली. दोघांना मी अंगाईगीताने निजविले आणि बाकीचे तिसऱ्याशी लढू लागले. इतक्यात आमच्या दाराची घंटा वाजली. दूधवाला. सौभाग्यवती स्नानाला गेलेल्या. मी म्हटले, अर्ध्या मिनिटाचे काम. उठलो, भांडे पुढे केले, दूध घेतले, 'उद्या अर्धा लिटर जास्त' असेही सांगितले आणि परत आलो. तोपर्यंत निजलेली दोन्ही भुते जागी झाली होती. ती पुरोहितावर धावून गेली, पुरोहित पडला, आणि मग एकामागून एक सगळेच पडलो. त्या जगात मरण म्हणजे काही मोठे नाही. मिळविलेला अनुभव थोडा वजा होतो आणि पुन्हा उठावे लागते. पण एक तासाची मेहनत वाया गेली होती, आणि माणसे चिडली होती.

दोष कोणाचा याची चर्चा सुरू झाली. शत्रूला स्वतःकडे ओढून धरणे हे योद्ध्याचे काम. शत्रू पुरोहितावर गेले. तेव्हा योद्धा चुकला. तर्क अगदी सरळ होता. श्रेणीची प्रमुख असलेली बाई सौम्यपणे म्हणाली की, पुढच्या वेळी जरा लक्ष ठेव. दुसरा एक जण तितका सौम्य नव्हता. योद्धा 'माफ करा' म्हणाला. मग दोनदा म्हणाला. आणि मी? मी काहीच बोललो नाही. कोणी मला विचारलेही नाही. मी गात होतो की नाही हे कोणाच्या ध्यानातच नव्हते. बोटे कळफलकावर होती. 'चूक माझी' एवढे दोनच शब्द लिहावयाचे होते. मी चहा प्यालो. तो निवला होता.

पुढच्या रविवारी योद्धा आला नाही.

त्या आठवड्यात मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. खेळच तो, असे म्हणून पाहिले. पण खेळात जे मेले ते खोटे होते. जो दुखावला तो खरा होता. त्याचे नाव खोटे, चिलखत खोटे, पण ओशाळेपणा खरा. आणि मग मला माझ्या निवडीचे कारण हळूहळू दिसू लागले. मी बार्ड झालो तो वेल्सच्या राजांसाठी नव्हे आणि अज्ञानदासासाठीही नव्हे. जेथे आपले काम कोणाला दिसत नाही तेथे आपली चूकही कोणाला दिसणार नाही, म्हणून मी बार्ड झालो. जमाखर्च चोख असलेली श्रेणी मी सोडली तीही याच हिशेबाने. मी श्रेय सोडले होते आणि त्या बदल्यात मला दोषातून सूट मिळाली आहे असे मनाशी धरून चाललो होतो. हा सौदा माझ्याशी कोणी केला नव्हता. तो मी एकट्यानेच, दोन्ही बाजूंच्या सह्या स्वतःच करून, पुरा केला होता.

विनय आणि भित्रेपणा बाहेरून इतके सारखे दिसतात की, ज्याच्या अंगावर ते असतात त्यालाही आपण काय पांघरले आहे ते कळत नाही. दोघेही मागच्या रांगेत बसतात. दोघेही माळ गळ्यात पडू देत नाहीत. फरक कळतो तो चूक झाल्यावर. विनयशील माणूस श्रेय वाटले जात असताना मागे सरतो आणि दोष वाटला जात असताना पुढे येतो. भित्रा दोन्ही वेळा मागेच असतो. खरा तानपुरेवाला तार उतरली तर गाणे चालू असतानाही ती मिळवून घेतो, सगळ्यांच्या देखत. 'माझ्याकडे कोणी पाहत नाही' हे त्याने ओळखलेले असते, पण त्यातून 'मी काही करीत नाही' असा अर्थ तो काढीत नाही. पण मी तोच काढला होता.

येथे एक प्रश्न मला छळतो. जन्माने ठरलेल्या पेशाला आपण स्वधर्म म्हणून मान दिला आणि कित्येकांवर अन्याय केला. म्हणून आज आपण म्हणतो की, माणसाला निवड हवी. ते अगदी खरे आहे. पण निवड मिळाली म्हणजे मनुष्य मोकळा झाला का? मला १६ वाटा मोकळ्या मिळाल्या आणि मी त्यांतून नेमकी तीच काढली जिच्यावरून मी ३४ वर्षे चाललो होतो. कचेरीत मी टिपणे लिहीत असे. टिपणावर सही साहेबांची. तपासल्याची आद्याक्षरे कनिष्ठ सहकाऱ्याची. मजकूर माझा, पण मजकुराला सही नसते. तेथेही मी बार्डच होतो!

आणि म्हणूनच ते वाड्यातले भूत निजेना. १९९१ साली एका देयकाच्या तक्त्यात मी एक आकडा शेजारच्या रकान्यातून उचलला. पैसे जास्त गेले. चौकशी झाली. तपासल्याची आद्याक्षरे ज्याची होती त्या सहकाऱ्याची एक वेतनवाढ वर्षभर रोखण्यात आली. त्याने तपासले नाही ही त्याची चूक होतीच. पण लिहिले कोणी, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्या वर्षी त्याच्या मुलीचे बारसे झाले. मी पाळण्यावरचे खेळणे घेऊन गेलो होतो, चांगले महागातले. आता कळते की, ते खेळणे म्हणजे मी स्वतःला लावून घेतलेला दंड होता. दंड आपणच ठरवावयाचा असला की तो नेहमी परवडेल इतकाच ठरतो. बार्डाने आधी चोर व्हावे ही त्या नियमपुस्तकातली अट मी आपल्या परीने पुरी केली होती.

दुसऱ्या रविवारी मी मंडळींना सांगितले. माझे इंग्रजी कचेरीचे, त्यामुळे कबुलीजबाब थोडासा खुलाशाच्या नमुन्यात उतरला. भाचा म्हणाला, "मामा, एवढेच ना! दूध नासले तर नाही ना?" प्रमुख बाई म्हणाल्या की, बरे झाले सांगितलेत. आणि मी योद्ध्याच्या नावाने निरोप ठेवला: त्या दिवशी गीत माझे थांबले होते, तुझे काही चुकले नव्हते.

उत्तर यावयाला तीन आठवडे लागले. एकच ओळ होती. मराठीत सांगावयाचे तर, 'मला वाटले, चूक माझीच.'

हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. मी समजत होतो की, त्याला राग आला असेल, अपमान वाटला असेल. तसे काही नव्हते. त्याने दोष मान्य केला होता. लढाईत काय झाले हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून जे सांगितले गेले ते त्याने खरे धरले आणि स्वतःविषयीच्या आपल्या वहीत ते लिहून टाकले: आपण लक्ष देत नाही, आपण लोकांना मारतो. मी गप्प राहून त्याचे श्रेय घेतले नव्हते की पैसे घेतले नव्हते. पण त्याच्या वहीत मी एक खोटी नोंद करून ठेवली होती, आणि ती खोडावयाची तर मलाच खोडावी लागणार होती, कारण ती खोटी आहे हे दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हते.

हे सारे मी घरी सांगितले, कचेरीतल्या त्या जुन्या प्रकरणासकट. सौभाग्यवती भाजणी चाळत होत्या. म्हणाल्या, "आता ३४ वर्षांनी जाऊन सांगणार? त्या बिचाऱ्याला काय मिळणार त्यातून? तुम्हालाच हलके वाटायचे." हा आक्षेप सोपा नाही. कित्येक कबुल्या अशा असतात की, माणूस आपल्या डोक्यावरचे ओझे दुसऱ्याच्या दारात टाकून शीळ घालीत घरी येतो. माझे मन हलके व्हावे एवढ्यासाठी मी जात असेन तर न गेलेलेच बरे. एरवी मी तेच केले असते. पण ती एक ओळ मला स्वस्थ बसू देत नाही. माझा सहकारी ती गोष्ट विसरला असेल तर मी थोडा वेडा ठरेन आणि आम्ही दोघे हसू. तो माझ्यावर संशय घेऊन बसला असेल तर मला दोन शब्द ऐकावे लागतील आणि ते मला ऐकले पाहिजेत. पण तिसरीही एक शक्यता आहे. त्याने तपासले नाही एवढी त्याची चूक होती. सारेच आपल्या हातून घडले असे समजून तो ३४ वर्षे जगला असेल तर? त्याच्या खात्यावर जे माझे लिहिले गेले आहे ते मी काढून घेतले पाहिजे. त्यातून मला हलके वाटेल की जड, हा प्रश्न त्या खात्याचा नाही.

एवढे सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. चाळण हलवीत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाडव्याची ओवाळणी झाल्यावर जा. चकल्यांचा डबा मी भरून देते. आणि खेळणी-बिळणी काही नेऊ नका."

व्यापारी मंडळी पाडव्याला नवी वही सुरू करतात. नवी वही कोरी असते असे आपण म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. जुन्या वहीतील शिल्लक आणि जुन्या वहीतील देणे पहिल्या पानावर ओढून आणावे लागते, तेव्हा कोठे नव्या वहीला अर्थ येतो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मी एसटीने मिरजेला निघण्याच्या तयारीत असेन. पत्ता काढला आहे. तो घरी आहे ना, हे फोन करून विचारले. कामाचे काय ते फोनवर सांगितले नाही. तो म्हणाला, "या की! किती वर्षांनी!" त्याचा आवाज अगदी पूर्वीसारखाच आहे.

योद्धा परत आला आहे. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा त्या वाड्यात जातो. मी अजून बार्डच आहे. भाच्याने विचारले होते, "मामा, पेशा बदलायचा का? नव्याने सुरुवात करता येते." मी नको म्हटले. आता दारावरची घंटा वाजली की मी आधी लिहितो, 'थांबा, मी उठतो आहे', आणि मग दूध घ्यावयाला जातो.